मेणकरी

संपादकांचा निरोप : 'भूदास' लिहा आणि पुढं चला,
पाठ्यपुस्तकात आहे तो शब्द.
आहे. पण त्यात कधी कुणी राहिलेलं नाही.
समितीनं बांधला, चुना वाळला, कुलूप लावलं.
चुलीत राख नाही त्याच्या.

बेर्केल नदीकाठी, नगराच्या दप्तरखान्यात, तळघरात
नोव्हेंबरपासून मी त्याच चार पानांवर बसले आहे.
अनेग्रेट शुल्टे-हेमिंग चामड्याचं पान उलटते
तव्यावरची पोळी उलटावी तशी,
कडेनं, दोन बोटांनी, श्वास धरून.

लाइबआयगन.
लाइब म्हणजे देह. आयगन म्हणजे आपला.
देह आपला, पण 'आपला' म्हणणारा दुसरा.
"आपलाच माणूस आहे," मालक पाहुण्यांना सांगतो,
आणि तो आपला माणूस
जोडे हातात घेऊन दारातच उभा असतो.

होरिग. हा मात्र न शोधता सापडला.
मुळात ऐकणं आहे त्यात. ज्याला ऐकावं लागतं, तो.
"ऐकतोस की नाही?"
आमच्याकडेही हा प्रश्न कानांबद्दल नसतो.

मिनिस्टेरियालपाशी तीन दिवस गेले.
कमरेला तलवार, कनवटीला गढीच्या किल्ल्या,
आणि लग्न करायला धन्याची परवानगी.
'सरदार' लिहिलं, खोडलं.
'चाकर' लिहिलं, तर घोडा खिंकाळला.
शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी;
इथं घोडाही सरकारी
आणि वर बसलेलाही.

मग हाझेका आली.
तिसऱ्या पानावर, खालून पाचव्या ओळीत.
हाझेका नावाच्या बाईनं स्वतःला, दोन मुलींना
आणि पोटात असेल त्याला
संताच्या वेदीला वाहिलं आहे.
दरसाल दोन पैशांचं मेण. मेल्यावर अंगावरचं चांगलं वस्त्र.
बाकी काही नाही.
संत नांगराला जुंपत नाही,
रात्री निरोप धाडत नाही.
हिशेब करूनच गेली असणार बाई.

'देवाला सोडलेली' असं लिहायला घेतलं
आणि हात थांबला.
आमच्या भाषेत देवाला सोडलेल्या बाईचं पुढं काय होतं
हे अनेग्रेटला सांगायला अर्धा तास लागला,
दोन कॉफ्या, आणि एक शब्द
जो मी शेवटी सांगितलाच नाही.

शेतकरी, कामकरी, गावकरी.
तशी मेणकरी.
ओळीत बसवून पाहिला. जरा डुगडुगतो.

दुपारी रेडिएटर ठोके देऊ लागला.
प्लंबर आला : थिलो क्योटर.
क्योटर म्हणजे एक खोपट, बैल नाही,
आणि दुसऱ्याच्या बांधावर हातानं काम.
दुसऱ्या पानावर असे अकरा आहेत.
बाराव्याच्या हातात पाना होता.
मी विचारलं, तुमच्या नावाचं भाषांतर कसं करू?
"करू नका," तो म्हणाला, "बिलं याच नावानं जातात."

अनेग्रेट खूप हसली. शुल्टे म्हणजे धन्याच्या शेतावरचा कारभारी,
आणि हेमिंग तर माणूसच नव्हे, शेत आहे.
तिचे आजोबा लग्न करून तिथं राहायला गेले
आणि सुनेला सासरचं मिळावं तसं
शेतानं त्यांना आपलं नाव दिलं.
आधीचं काय होतं?
ती आठवत राहिली.
पाइपातून पाणी गेल्याचा आवाज आला.

खोली तापली तसा वास सुटला, मधासारखा, जुना.
मोहोर मेणाची आहे.
अनेग्रेटनं ती घाईनं खिडकीकडे नेली, पालथी धरली.
पाठीवर अंगठ्याचा ठसा,
ओलं मेण दाबून बसवणाऱ्याचा.
पुढच्या बाजूला धन्याचं नाव गोल कोरलंय,
मागं नुसत्या रेषा.
मी माझा अंगठा जवळ नेला.
"नको," ती म्हणाली.

संपादकांना कळवलंय, अजून एक आठवडा लागेल.